उकंडरावांचे दोन शब्द

कार्यक्रम ठरवायचा म्हटला की मला कोणाचं ऐकू येत नाही. तेवीस वर्षं कारंज्यात मराठी शिकवतेय. स्नेहसंमेलन असो की निरोप समारंभ, सूत्रं माझ्याच हातात. समोरच्याचं 'नाही' मी धरतच नाही. हा माझा दोष मला ठाऊक होता, पण त्यापायी दुसऱ्याची मान खाली जाऊ शकते हे गेल्या जानेवारीत कळलं.

माझा जुना विद्यार्थी हर्षल पुण्यात संगणकाचं काम करतो. त्याने एकदा फोनला विचारलं, "सांबार कुठं मिळन?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. फोनने त्याला इडलीची तीन हॉटेलं दाखवली. पोरगं चिडलं, आणि त्या चिडण्यातून 'बोलकं वऱ्हाड' उभं राहिलं, फोनला वऱ्हाडी कळावी म्हणून जमवलेला आवाजांचा संग्रह. ओपन सोर्स काम. मालक कोणी नाही, पगार कोणाला नाही. वाटेल त्याने हातभार लावावा, लागेल त्याने घेऊन वापरावं. फोनवर एक वऱ्हाडी वाक्य येतं, ते मोठ्याने वाचायचं, किंवा मनातलं एखादं म्हणायचं. चुकलं तर पुसून पुन्हा. मग दुसरे दोन जण ऐकून 'बरोबर' दाबतात, तेव्हाच ते संग्रहात जातं. नियम मी लिहिले. चौथा नियम होता, 'अडखळलेलं वाक्य बाद.' मला त्या नियमांचा फार अभिमान होता.

दोन वर्षांत एकशे चाळीस जणांनी आवाज दिले, त्यात उकंडराव सगळ्यांच्या पुढे. चार हजार एकशे सोळा वाक्यं, आणि एकही बाद नाही. मंगरूळपीर रस्त्याला त्यांचा दीड एकराचा मळा, त्यात वांगी, मेथी आणि तोच तो सांबार. वय पन्नाशीचं. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने याचं नाव उकिरड्यावरून ठेवलं, म्हणजे नजर लागायला नको. हे मला त्यांनी एका मेसेजात कळवलं होतं. भेट कधीच झाली नव्हती. आवाज मात्र ओळखीचा होता, भरदार, घाई नसलेला, प्रत्येक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. त्यांची बहुतेक वाक्यं यूसराने तपासली होती. बाजारात तिच्या अब्बांचं शिलाईच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की पोरगी कानाला हेडफोन लावून बसायची.

या सगळ्यांचे आभार मानायला एक रविवार ठरवला. बसस्टँडमागचं मंगल कार्यालय, शाल, नारळ, गुलाब, आणि व्यासपीठामागे एकशे चाळीस नावांचं मोठं फ्लेक्स. सत्कार म्हटला की कोणीतरी 'दोन शब्द' बोलायलाच हवेत. असा आवाज असलेला माणूस सोडून मी दुसरा कोण शोधणार?

उकंडरावांना कळवलं. उत्तर आलं, "मॅडम, मले नका ठेवू."

मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून आग्रह केला. "शाल देजा. बोलाले नका लावू."

पुन्हा आग्रह केला. "माह्याच्यानं होत नाई."

मला हसू आलं. आपल्याकडे पंगतीत दुसरी पुरणपोळीसुद्धा माणूस तीनदा नाही म्हटल्याशिवाय घेत नाही. भाषणाला तर जास्तच आढेवेढे. मी फोन लावला, त्यांनी कापला. दुसऱ्यांदा लावला, तोही कापला, आणि मेसेज आला, "वावरात हाय." विनयशील माणूस म्हणून मी आणखीच खूश झाले. पत्रिका छापली: 'सत्काराला उत्तर, श्री. उकंडराव, दोन शब्द.' मळ्यावर माणसाहाती पाच पत्रिका पाठवल्या.

त्या दिवशी सकाळी दहाला मी दारात गुलाबांचं ताट घेऊन उभी. नावं लिहून घ्यायला टेबलावर यूसरा. आसेगावची मंडळी आली, अनसिंगची आली, रांग बाहेर पायऱ्यांपर्यंत गेली. तेवढ्यात इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला एक उंच माणूस टेबलापुढे आला. शेजारी हिरव्या लुगड्यात त्याची बायको.

"नाव सांगा काका," यूसरा म्हणाली.

त्यांनी तोंड उघडलं. "उ..." मान ताठ झाली, गळ्याची शीर फुगली, डोळे घट्ट मिटले. "उ... उ..." शब्द पुढे सरकेना. मागून कोणीतरी म्हणालं, "बोला ना भाऊ, रांग खोळंबून राह्यली." रांगेतले दोघं हसले. यूसराने बायकोकडे पाहिलं. ती पदर दातांत धरून म्हणाली, "ह्याईचं नाव म्या कसं घ्याव बाई?" झालं! ज्याचं नाव त्याला निघेना, आणि जिला निघालं असतं ती नवऱ्याचं नाव घेईना. वही कोरीच.

त्यांनी एक लांब श्वास घेतला, पुन्हा प्रयत्न करायला. यूसराची पेन्सिल थांबली.

"उकंडराव काका?" ती उभीच राहिली. "हा श्वास मी रोज ऐकते. वाक्याच्या आधी असाच येतो."

त्यांनी मान डोलावली. ते तीन मेसेज डोळ्यांपुढे आले. माणूस सरळ, साध्या शब्दांत खरं सांगत होता आणि मी त्याचा विनय करून टाकला होता.

बायकोचं नाव गिरजाबाई. तिला मी बाजूला घेतलं. "अहो, मला सांगायचं ना!"

"सांगतलं होतं ना तुमाले. तीनदा." ती माझ्याकडे रोखून पाहत होती. "आमच्या लग्नात बायाईनं उखाना घ्याले लावला. 'गि, गि' करत उभे होते, आन् सारा मांडव हासला. तवापासून चार लोकाईत ते बोलाले उभे राह्यले नाईत. मळ्यात एकटे असले का बोलतात. एकेक वाक्य दहादा पुसतात. मोटर बंद कराले मी, मोर हाकलाले मी, चिखलाच्या हातानं होत नाई म्हून फोन धराले मी. कदी कदी तर एका वाक्यात सकाळ जाते."

चार हजार एकशे सोळा वाक्यं. गुणाकार करायची माझी हिंमत झाली नाही.

मी उकंडरावांपुढे गेले. "तुम्ही फक्त शाल घ्या. बोलण्याचं मी काढून टाकते." त्यांनी खिशातून फोन काढून लिहिलं आणि मला दाखवलं. "आता नाव छापलं हाय. मळ्याशेजारचे अकरा जन पाहाले आले." मागे अकरा माणसं खरंच बसली होती. काढलं तर माणूस का वगळला हे सगळे विचारणार, ठेवलं तर तीस वर्षांनी पुन्हा तोच मांडव. आणि दोन्हीकडून दोष माझाच. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

सगळ्यांचे सत्कार झाले. शेवटी मी त्यांचं नाव पुकारलं. 'दोन शब्द' म्हटलंच नाही. शाल घेऊन खाली उतरतील असं वाटलं होतं. ते माइकपाशी गेले.

लांब श्वास घेतला. "गि..."

पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. "गि... गि..." पुढच्या रांगेतून एक गृहस्थ मदतीला धावले, "गिरणी? गिरीश?" कोणीतरी फिसकन हसलं. गिरजाबाईने डोळे मिटून घेतले. मी माइककडे निघाले. माइक आपल्याकडे घ्यावा आणि आभार मानून संपवावं, माझी नेहमीची सवय.

"मॅडम, थांबा!" यूसरा खुर्चीवरून उठली होती. दुकानात हळू बोलणारी पोरगी, आवाज कापत होता. "कोनी काही बोलू नका. काका अजून बोलून राह्यले."

मी जागेवर थांबले. तेवीस वर्षांत कोणी मला भर कार्यक्रमात थांबवलं नव्हतं. सभागृह गप्प झालं. उकंडरावांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ हलत होते, आवाज नव्हता. पाच सेकंद, दहा, वीस. मग त्यांनी हात वर केला, मागच्या फ्लेक्सवरच्या नावांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले,

"गिरजाचं बी."

बरोबर दोन शब्द. तोच भरदार आवाज.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. त्या एकशे चाळीस नावांत मोटर बंद करणारीचं नाव नव्हतं. मी टेबलावरचा मार्कर उचलला, स्टुलावर चढले आणि त्यांच्या नावाशेजारी 'गिरजाबाई' लिहिलं. अक्षर वाकडं आलं. ती खुर्चीत पदराने तोंड झाकून रडत होती, आणि मळ्याशेजारचे अकरा जण सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी सामान आवरताना मी फोन उघडला. संग्रहात नवीन वाक्य आलं होतं, उकंडरावांच्या नावाखाली, चार हजार एकशे सतरावं. यूसराने तिथेच ध्वनिमुद्रण केलं होतं आणि त्यांना विचारून चढवलं होतं. त्रेचाळीस सेकंद लांब, त्यात दोन शब्द. अडखळ, हशा, पंखे, शांतता, काहीही कापलेलं नव्हतं. खाली यूसराचं 'बरोबर' पडलं होतं. एक बाकी होतं.

मी आधी नियमांचं पान उघडलं आणि चौथा नियम पुसला. मग दुसरं 'बरोबर' दाबलं.