जर्मन कप्तानाचा आवाज

पत्रू निकुरे जन्मभर मरत आला. कधी नायकाच्या गोळीने, कधी नायिकेच्या कोयत्याने, तर कधी नुसत्याच देवाच्या कोपाने. पण तिसऱ्या अंकात त्याला मरावं लागायचंच, कारण पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक जिवंत राहिला तर प्रेक्षक जागचे हलत नाहीत. धान कापून झालं, गावोगावच्या मंडया, म्हणजे सुगीनंतरच्या जत्रा, लागल्या, की वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या निघत आणि त्यातल्या एकीत पत्रू मिशीला पीळ देत बसलेला असे. तो हसला की मांडवातली लेकरं आयांच्या पदरात तोंड लपवत. आरमोरीच्या बाजारात बायनाबाई नावाच्या म्हातारीने एकदा त्याला वांगी द्यायला साफ नकार दिला होता. "सख्ख्या बहिनीले घराबाहेर काढतेस, अन् माझ्याकडून वांगे पाह्यजे काय?" ही गोष्ट पत्रू मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

त्याची बायको कमळा मात्र या तोऱ्यावर कधी भाळली नाही. नाटक तिला जीव की प्राण. ती मांडवात पहिल्या रांगेत बसायची, आणि रडायची तर अगदी पदर भिजेपर्यंत रडायची. पण कायम दुसऱ्याच कुणासाठी. नायकासाठी रडली, नायकाच्या आंधळ्या आईसाठी रडली, एकदा तर नायकाच्या बैलासाठी रडली. पत्रूने शेवटी विचारलंच, "माझ्यासाठी काऊन नाई रडत वो तू?"

"तुमी मेले का सारा मांडव टाळ्या वाजवते," कमळा म्हणाली. "मी एकटी कशी रडू जी?"

हे उत्तर त्याच्या मनाला लागलं. एकदा, फक्त एकदा, आपल्यासाठी कमळाच्या डोळ्यांत पाणी यावं, एवढीच त्याची हाव उरली. टाळ्या त्याला पोटभर मिळाल्या होत्या.

आणि मग तो जर्मन आला. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकाने नवं नाटक लिहून कंपनीचे मालक हरिदासजी यांच्या हाती दिलं. नायक कोण, तर दुसऱ्या महायुद्धातला जर्मन आरमाराचा कप्तान हार्टविग. पोरवयात शिडाच्या जहाजावर दोर ओढायला लागलेला, पहिल्या युद्धात छोटा अधिकारी झालेला, युद्ध हरल्यावर केळी वाहणाऱ्या बोटीवर पोट भरणारा. दुसरं युद्ध पेटलं तेव्हा आरमाराने त्याला परत बोलावलं आणि हाती दिली एक साधी मालवाहू बोट, पण फळ्यांच्या आड तोफा लपवलेली. आज तिच्यावर नॉर्वेचा झेंडा, उद्या हॉलंडचा. दर थोड्या दिवसांनी रंग नवा, नावही नवं. खलाशांना झगे घालून डेकवर फिरवायचं, म्हणजे दुरून बघणाऱ्याला वाटावं, बायकामाणसं हवा खात आहेत. शत्रूची व्यापारी बोट बेसावध जवळ आली की खोटा झेंडा खाली, खरा वर, आणि फळ्या बाजूला. बोट तो बुडवायचा, पण पाण्यात पडलेला माणूस मागे सोडायचा नाही. वर काढून आपल्या खलाशांच्या पंगतीला बसवायचा. शेवटी एक इंग्रज कप्तान शरण येत नाही, लढून मरतो. त्याच्या प्रेतापुढे हार्टविग जे बोलतो, तो या नाटकाचा जीव. पुढे त्याचंही जहाज बुडतं, तो कैदेत जातो, आणि म्हातारपणी त्याला त्याच्याच गावात कोणी ओळख देत नाही.

झाडीपट्टी असल्यामुळे जर्मन बोटीवर एक लावणी होती. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पडद्यावरचा समुद्र रंगवणाऱ्याने समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे तो पुरातल्या वैनगंगेसारखा गढूळ झाला होता, त्याबद्दलही नव्हती.

वाचन ऐकताना पत्रूच्या अंगावर काटा आला. माणूस शत्रू आहे, आणि लोक त्याच्यासाठी रडतात! हे दुसरं कोण करणार? त्याने मनातल्या मनात टोपीसुद्धा चढवली. आणि हरिदासजींनी ती टोपी उचलून प्रफुलच्या डोक्यावर ठेवली.

प्रफुल म्हणजे कंपनीचा नवा नायक. गोरापान, कपाळावर केस, ज्याच्या रीलवर रिना, मयुरी अशा तालुकाभरच्या पोरी बदाम टाकतात असा. पत्रू मालकांच्या अंगावर धावून गेला. हरिदासजी शांतपणे म्हणाले, "पत्रूभाऊ, तुमी कलाकार मोठे आहा. पन बुकिंग त्याच्या नावावर येते. पोस्टरवर कोनाचं थोबाड लावू, तुमीच सांगा."

वर त्याला दिलं काय, तर प्रॉम्प्टरचं काम. या भागात नट आज एक नाटक करतो, उद्या दुसरं. पाठांतराला सवड कोणाला? विंगेत बसलेला प्रॉम्प्टर आधी वाक्य पुटपुटतो, मग नट ते मांडवाला ऐकवतो. प्रेक्षकांनाही ते पुटपुटणं ऐकू येतं, आणि ते खुशाल कानाआड करतात. म्हणजे हार्टविगचं अख्खं आयुष्य आधी पत्रूच्या तोंडून जाणार, आणि रडणार लोक प्रफुलसाठी.

पत्रूला हेवा वाटला. याला दुसरा सभ्य शब्द शोधण्यात अर्थ नाही. प्रफुलचं सलाम ठोकणं पाहून त्याच्या अंगाचा तिळपापड होई. "कप्तान आहेस का बसचा कंडक्टर?" असं तो सगळ्यांसमोर बोले, आणि तो गुणी पोरगा खाली मान घालून "बरोबर आहे, भाऊ" म्हणे. त्याने पत्रूचं आणखी पित्त खवळे. भांडायलाही हरामखोर संधी देत नव्हता. शेताच्या धुऱ्यावर एकटा असला की पत्रू तो प्रेतापुढचा प्रवेश स्वतः करायचा. आधी गरजून केला, मग कमी आवाजात, मग त्याहून कमी. प्रेताशी कोणी ओरडून बोलत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. असा दबका, ओला आवाज आपल्या गळ्यात आहे, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

प्रयोग गाजू लागला. मग तो ठरला कमळाच्या माहेरच्या मंडईत. कमळा पहिल्या रांगेत बसणार हे कळलं आणि पत्रूच्या मनात कली शिरला. तिच्यादेखत या पोरासाठी वाक्य पुरवायचं? तिने याच्यासाठी रडायचं? त्या प्रवेशात आपण तोंड उघडायचंच नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

तसंच केलं. मेलेला इंग्रज कप्तान पांढऱ्या चादरीखाली ठेवला गेला. प्रफुल पुढे आला, टोपी काढली, आणि वाक्याची वाट पाहू लागला. वाक्य येईना. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेकडे पाहिलं. पत्रू ओठ मिटून बसला होता. मागच्या रांगेतून एक शिट्टी आली, मग दुसरी. प्रफुलच्या कपाळावर घाम फुटला. पत्रूला बरं वाटलं, फार बरं वाटलं. पोरगा घाबरून मांडवाकडे पाठ करून वळला आणि प्रेताजवळ गुडघ्यावर बसला.

आता त्याचं तोंड कोणाला दिसत नव्हतं. माइक मात्र विंगेला लागूनच लोंबत होता. पत्रूने ते पाहिलं. त्याला दया वगैरे काही आली नाही. ताटात वाढलेलं समोर होतं, आणि तो उपाशी होता.

"कप्तान," तो माइककडे तोंड करून बोलला, "मी खोटा झेंडा दाखवला, अन् तू मला आपला समजून जवळ आलास. आता तुझ्या घरी तुझी वाट पाहतील, त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू?"

शिट्ट्या थांबल्या. पत्रू बोलत गेला. प्रफुल हुशार, खांदे हलवत राहिला, मान खाली ठेवली. मांडवात हुंदके ऐकू येऊ लागले. पत्रूने विंगेच्या फटीतून पहिल्या रांगेत पाहिलं. कमळा दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबून रडत होती.

पडदा पडल्यावर प्रफुलने त्याचे पाय धरले. "भाऊ, तुमी इज्जत राखली माझी. पन कोनाले सांगू नका जी." पत्रूने मान हलवली. त्या क्षणी त्याला कोणाला काही सांगायची गरजच वाटत नव्हती.

गरज वाटली ती घरी आल्यावर. कमळा अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती आणि मोबाइलवर कोणीतरी पाठवलेला तोच प्रवेश पुन्हा पुन्हा लावत होती. दर वेळी तिचे डोळे भरत.

"काय पोरगा आहे जी हा," ती म्हणाली. "काळजातून बोलते."

पत्रूच्याने राहवेना. "तो मी आहो!" तो गरजला. "तो आवाज माझा आहे, कमळे! पोराची वाचा गेली होती. त्याची नुसती पाठ आहे, बोललो मी!"

अंगणातली कोंबडी दचकून पळाली. कमळाने त्याच्याकडे पाहिलं. मग मोबाइल कानाशी लावून तिने ते बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, डोळे मिटून, पुन्हा ऐकलं.

तिने मोबाइल खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती.

"जळा जी, पन इतके नका जळू," ती हळूच म्हणाली. "इतक्या वर्साचा संसार केला मी तुमच्यासंग. असा आवाज तुमचा असता, तर मले एकदा तरी आयकू आला असता ना?"