हळू डिफेंडर विकून टाका

ब्रिटनमधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलात आमचे एक सीनियर सर्जन होते, मूळचे पुण्याचे. कॅन्टीनमध्ये चहा घेताना ते शहराच्या फुटबॉल क्लबने कोणाला घ्यावं आणि कोणाला विकावं ते ठरवत. मुलीसाठी स्थळ पाहावं तसे ते खेळाडू पाहत. वय, उंची, गुडघे, स्वभाव. पसंत कोणीच पडत नसे.

"तो डिफेंडर? अरे, तो वळेपर्यंत गोल होऊन लोक घरी जातात. विकून टाका."

"सर, एक सीझन तरी द्या त्याला."

"तू फार मऊ आहेस."

त्या उन्हाळ्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. ऑपरेशनला मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागे, म्हणून मला ठेवायचं की नाही यावर मीटिंग बसली. आत सरही होते. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "वर्षभरासाठी वाढवलंय."

"पण सर, मी हळू आहे."

"आहेसच. पण तू केलेलं ऑपरेशन मला पुन्हा करावं लागत नाही."

संध्याकाळी गावी फोन लावला आणि हे वाक्य वडिलांना पुन्हा पुन्हा ऐकवलं.