सुनीताताई, तिच्या कॅसेटी आणि तामसीच्या गजाननचे डोळे

काल माझी बहीण गेली आणि आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या व्हिडिओ गेमच्या सगळ्या थापा पोरक्या झाल्या.

सुनीताताई. तुमच्यापैकी कितीतरी जणांची प्रायमरीची टीचर.

ती अफवा जमवायची, हे मात्र थोड्यांनाच माहीत होतं. गेमच्या अफवा. कॅसेटवर, सांगणाऱ्याच्या आवाजात.

नव्वदचं दशक आठवा. बसस्टँडजवळचं ते गेमचं पार्लर. पोरींनी तिथं पाय ठेवायची सोय नव्हती, म्हणून मी खेळायचो आणि घरी येऊन ताईला सांगायचो.

"विमानाच्या गेममदी शेवटचा पूल उडवला का इमान आपल्या गावात उतरते!"

ताई भाकरी थापता थापता विचारायची, "तुले कोनं सांगतलं?"

"सगळेच सांगून राह्यले."

"सगळे म्हंजे कोन? नाव सांग."

झालं. माझी हवा टाईट.

खरं तर शेवट कोणी पाहिलेलाच नव्हता. गेम रंगात आला की करंट जायचा. आला की पुन्हा पहिल्यापासून. मग ज्यानं त्यानं आपापला शेवट बनवला. मंचेरियलच्या पोरांचं विमान कोळशाच्या खाणीत शिरायचं. आमचं कापसाच्या वावरात उतरायचं.

ताईला नोकरी लागली. पहिल्या पगारात बायका साडी घेतात, हिने टेपरेकॉर्डर घेतला. सुट्टी आली की बस पकडायची आणि गावोगावच्या पोरांना बोलतं करायचं.

तिचा नियम कडक. आधी नाव, मग गाव, मग कोणी सांगितलं ते. खोटं असलं तरी ठेवायचं. काहीही पुसायचं नाही.

मी चिडवायचो, "लोकं गाण्याच्या कॅसेटी जमवतात, तू थापांच्या."

ती म्हणायची, "थाप कुठून निघाली ते समजलं पाह्यजे बाबू."

सगळ्यात गाजलेली थाप तामसी गावच्या पोट्ट्याची. त्याने म्हणे गेम पूर्ण केला, पडदा पांढराफेक झाला आणि त्याचे डोळेच गेले. ही थाप मंचेरियलला पोचेपर्यंत तर तो मेलासुद्धा होता.

आम्ही हसायचो.

मग कळलं की तो पोट्टा खरा आहे. गजानन त्याचं नाव. कापूसवाल्या घरातला, जिवंत, ठणठणीत. फक्त लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा. नार्नूरच्या मुलीशी त्याचं लग्न जुळलं होतं. ही अफवा मुलीच्या वडिलांच्या कानावर गेली आणि त्यांनी सोयरीक मोडली. आंधळ्याला पोरगी कोण देणार?

त्या दिवसापासून ताईचं हसणं बंद. "हे कोनं पैले सांगतलं ते मी काढतोच," म्हणाली. आमच्याकडे बायापण असंच बोलतात, आणि ताई बोलली की करायचीच.

ती अफवेच्या वाटेनं उलटी निघाली. नार्नूरच्या दुकानदाराने उटनूरच्या मेव्हण्याचं नाव घेतलं. मेव्हण्याने आदिलाबादच्या एका बाईचं. त्या बाईने आमच्याच गल्लीतल्या हातपंपाचं.

आणि हातपंपावरच्या बाया म्हणाल्या, "अवो टीचर, तुमच्या मायनंच तं सांगतलं होतं!"

आमची आई.

ताई घरी आली. टेप चालू केला. "माय, नाव सांग. गाव सांग."

आई आधी हसली. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "हा दिसभर त्या दुकानात बसे. बसमदी एक चष्म्याचं पोट्टं दिसलं, तामसीले उतरलं. मनलं, पाय, खेळू खेळू आंधळं झालं. याले भेव वाटावं मून. मले काय मालूम त्याचं लगन मोडन?"

मला घरी बसवायला आईने केलेला उपाय. तो अख्खा जिल्हा फिरून आला होता.

"ते पुस," आई म्हणाली.

"नाई पुसत, माय."

"काऊन? मी तुई माय हाओ ना?"

"म्हनूनच."

आई रडली. ताईही रडली. कॅसेटवर ते सगळं आहे.

पुढच्या रविवारी ताईने आईला बसमध्ये बसवलं. आधी तामसी, गजाननच्या अंगणात. आईने सगळ्यांदेखत सांगितलं, हे माझ्याच तोंडातून निघालं. मग गजाननला घेऊन नार्नूर. मुलीच्या वडिलांना कॅसेट ऐकवली. त्यांनी ती परत लावायला सांगितली. मग तेलुगू पेपर गजाननपुढे धरला, "वाच." त्याने चष्मा सारखा केला आणि पेपर घडाघडा वाचून दाखवला. सोन्याच्या भावासकट.

लग्न झालं. आईने स्वतः आहेर नेला.

तेव्हापासून ताई भेटेल तेव्हा गजाननला विचारायची, "तू खरंच शेवट पाह्यला का रे?" तो नुसता हसायचा. "सांगन कदी तरी, ताई."

काल तो बायकोसोबत आला. चष्म्याची भिंगं अजून जाड झालीत. ताईपाशी बराच वेळ हात जोडून उभा होता. मला म्हणाला, "सांगून टाकलं असतं तं ताईनं इचारनं सोडलं असतं. मले ते इचारनं आवडे."

मला भरून आलं. पण ताईचा भाऊ आहे मी. मोबाईल काढला, रेकॉर्डिंग चालू केलं.

"नाव सांगा."

"गजानन."

"गाव?"

"तामसी."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"कोनीच नाई. मी सोता पाह्यलं." त्याने ताईकडे पाहिलं. "शेवटच्या पुलापाशी पोचलो होतो, ताई. करंट गेला."

आज सकाळपासून तिच्या कॅसेटी मोबाईलमध्ये उतरवतोय. काही टेप चिकटलेत, ते सोडवतोय. कोणाकडे अशी जुनी थाप असेल तर फोन करा. खोटी चालेल. फक्त कोणी सांगितलं ते आठवून ठेवा.

ताई, गजाननची नोंद झाली. काही पुसणार नाही.

जय भीम.