साडेचार तासांचं अंतर

पहिल्यांदा सॅन फ्रान्सिस्कोला निघालो, तेव्हा काष्टीच्या आमच्या घरात रडारड चालली होती. ती थांबली एका खोट्यामुळे. तसं मी खोटं बोललोच नाही. आईनेच माझ्या तिकिटाचा कागद घेऊन वाचला. मुंबईहून दुपारी दोनला सुटणार, त्याच तारखेला साडेसहाला तिकडे उतरणार. तिने डोळे पुसले. "आगं बया, साडेचारच तास! आपल्या काष्टीवरनं मुंबईला जायला ह्याच्यापेक्षा जास्त लागत्यात की!"

तिकडचं घड्याळ साडेबारा तास मागे असतं, विमान सतरा तास हवेत राहतं, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर वडिलांनी, म्हणजे आबांनी, मला कोपराने ढोसलं. गाडीत बॅगा ठेवताना हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिला तेवढाच आधार." इकडे आईने माझ्या डब्यातल्या सहा दशम्यांपैकी चार काढून घेतल्या. साडेचार तासांना दोन बास झाल्या म्हणे.

गावाकडचे तुम्ही फोनवर विचारता, "करमतं का रं तिकडं?" करमतं की. ऑफिस आहे, मीटिंगा आहेत, वीकेंडची ग्रोसरी आहे. पण काष्टीच्या बाजाराचा दिवस आला की आबांच्या मागे बैलबाजारात फिरायचो ते आठवतं आणि जीव कासावीस होतो. माझ्यासारखे जे गेलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग एका सकाळी आबा गेले. काकांचा फोन आला, तेव्हा मागे आईचा आवाज ऐकू येत होता. सगळ्यांना बजावत होती, "माझा ल्योक साडेचार तासात येतोय. तवर कुनी उचलायचं न्हाई." सगळी भावकी दिवसभर अंगणात ताटकळली. काका सारखे विचारायचे, "कुठवर आलास?" आणि मी विमानतळावरच होतो, विमान सुटायचं होतं. दिवस मावळायला आला तेव्हा मीच म्हणालो, "काका, उरका. मला नाही जमणार."

मी पोचलो तो फक्त राख सावडायला.

सावडून घरी आल्यावर आईने विचारलं, "खरं सांग, किती लांब हाय?" मी सांगितलं. आबांना ठाऊक होतं, तेही सांगितलं. मग म्हणाली, "लई लांब गेलास रं बाबा." ते अजून सलतं मला.

यंदा सुट्टी संपवून परत निघालो, तेव्हा रडत होतो तो मीच, डोक्यावरचे केस गेलेला बाप्या. आईने डब्यात सहाच्या सहा दशम्या भरल्या. माझ्याकडून तिकीट मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडतोस काय येड्यावानी? साडेचारच तास तर हायेत."