धुतलेली कानस

"ती कानस राहिली बघा. ती तर रोज तिच्याच हातात असते."

काकू बोलल्या. काकांनी कानस उचलली, बादलीवर धरली आणि तांब्यातलं पाणी तिच्यावर सोडलं. पाण्यात गोमूत्र होतं. वास फाटकापर्यंत येत होता. मी फाटकाशी उभी. हातात झेंडूची फुलं. पूजेसाठी मीच विकत घेतलेली.

खंडेनवमी होती. अवजारं पुजायचा दिवस. भोपाळला अयोध्या नगरात काकांचं घर आणि घराच्या गॅरेजमध्ये त्यांचं गिटार दुरुस्तीचं टेबल. अकराला ये म्हणाले होते. मी हौसेनं लवकर पोचले. सांगितल्या वेळेला गेले असते तर अवजारं पाटावर मांडलेली दिसली असती, हळदकुंकू लावलेली. मी भक्तिभावानं हात जोडले असते आणि मला आयुष्यात काही कळलं नसतं.

काकांनी मान वर केली. मला बघितलं. तांब्या जरासा थांबला.

"आलीस? थांब हं तिथेच. आवरतंच आलंय."

आणि उरलेलं पाणी ओतलं.

लोखंडावरून बादलीत पडणाऱ्या त्या पाण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. घरी आई भांडी विसळायला बसली की मी उठून गच्चीवर जाते. आईला वाटतं, पोरगी कामचुकार आहे. वाटू दे.

काका आमचे कोणी नव्हेत. मोठ्या कारखान्यात इंजिनियर होते, निवृत्त झाले आणि आवडीनं गिटार दुरुस्त करायला लागले. ज्याला शिकायचंय त्याला शिकवायचे. फुकट. माझे बाबा टी. टी. नगरच्या एका सरकारी कचेरीत शिपाई. नागपूरकडून आलेलं आमचं कुटुंब. कॉलेजात असताना मला कोणीतरी टाकून दिलेली एक गिटार मिळाली होती. तिची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, उखडलेली, तारा गंजलेल्या. दुकानदार म्हणाला, जाळून टाक, शेकोटीला बरी आहे. मग कोणीतरी काकांचं नाव सांगितलं.

काका म्हणाले, "मी करून देणार नाही. तू करायची."

पण त्याआधी आडनाव विचारलं. मग गाव. मग आजोबा काय करायचे. मी अभिमानानं सांगितलं, ढोलकी मढवायचे. कातडं भिजवून ताणून बसवायचे, पंचक्रोशीतून लोक यायचे त्यांच्याकडे. काका म्हणाले, "अच्छा, अच्छा. म्हणजे वाद्याचं अंग घरातच आहे." किती बरं वाटलं होतं मला ते ऐकून! जातीचा ज सुद्धा त्यांच्या तोंडून निघाला नाही. शिकल्यासवरलेल्या माणसाला तो काढावा लागत नाही.

त्याच दिवशी त्यांनी मला टेबलाचा नियम सांगितला. "अवजार कधी हातात द्यायचं नाही. टेबलावर ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. कानसेचं टोक वाईट लागतं."

मला नियम आवडला. कारखान्यातला माणूस, शिस्तीचा. मी कधी चुकले नाही. काका ठेवायचे, मी उचलायची. मी ठेवायची, काका उचलायचे. माझ्यासोबत निनाद नावाचा एक मुलगा शिकायचा. काकांच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. त्याला काका सरळ हातात अवजार द्यायचे. मी बघायची. तो जुना आहे, सरावलेला आहे, असं मी मनाशी म्हणायची. आपण अजून धांदरट आहोत. म्हणून मी घरी सांडशी, उलथणं, चमचे एका हातातून दुसऱ्या हातात देत सराव केला. एक दिवस काका मलाही हातात देतील, अशी मला आशा होती. हे लिहिताना आज माझे कान तापतात.

माझ्या गिटारवर घोडी बसली, नव्या तारा चढल्या आणि पहिला सूर निघाला तेव्हा मी रडले होते. काकांचेही डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं. तेच तर मला सुटत नाही. माणूस वाईट असता तर मी त्याला एक शिवी हासडून विसरून गेले असते.

फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या. त्यांच्या कडा गुळगुळीत करायला मी शिकले होते. त्या सगळ्या घासून एका पातळीत आणणं राहिलं होतं. सगळ्यात अवघड काम. केसभर जास्त घासलं की गिटार कायमची खरखरते. काका म्हणाले होते, "दसरा झाला की तुला तेच शिकवतो. मग तुला कोणाचं तोंड बघायला नको." मी दसऱ्याची वाट बघत होते. तेवढं आलं की मी कारागीर होणार होते.

आणि नवमीला फाटकाशी उभी राहिले. थांब म्हटलं म्हणून थांबले. माझी फुलं काकूंनी पिशवी पुढे करून तिच्यात टाकायला लावली. प्रसाद कट्ट्यावर ठेवला. मी उचलला. खाल्लासुद्धा. पेढा होता.

घरी येऊन हात धुतले. मग पुन्हा धुतले. साबण लावून, नखांच्या आतून. दुपारभर तेच चाललं होतं. आई म्हणाली, "काय लागलंय एवढं?" मी हात बघितले. काहीच लागलेलं नव्हतं. तेव्हा मला भीती वाटली. ते पाणी त्यांनी कानसेवर ओतलं होतं आणि धूत मी स्वतःला होते.

दसरा झाला. मी गेले. फ्रेटचं काम शिकायचंच होतं, खोटं कशाला बोलू. पुजलेली अवजारं दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत, अशी त्यांच्याकडे रीत. ओली कानस तशीच हळदकुंकवाखाली पडून राहिली होती. तिला गंज चढलेला. कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाला कानस पाण्यात घालू नये हे ठाऊक नव्हतं का? होतं. तरी घातली.

काकांनी ती टेबलावर ठेवली, माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "तारेच्या ब्रशनं घासून घे जरा. तुझीच तर आहे."

मी उचलली नाही.

"माझी असती तर धुतली नसती, काका."

निनाद खाली बघायला लागला. मग काका म्हणाले, "अगं, काकूचं देवाधर्माचं असतं. इतकं मनाला लावून घेऊ नये, बेटा."

"पाणी कोणी ओतलं?"

काकांनी तारेचा ब्रश उचलून जागेवर ठेवला. मी पर्स उचलली. फाटकाशी आल्यावर मागून काका म्हणाले, "फ्रेटचं राहिलं ना तुझं!" त्या आवाजात खरी कळकळ होती. तिचीच मला जास्त चीड आली. मी वळले नाही.

फ्रेटचं काम मी भंगारातल्या गिटारींवर शिकले. कित्येक माना वाया घालवल्या. प्रत्येक वेळी कानस उचलण्याआधी हात ओढणीला पुसायची. का पुसते, ते स्वतःला विचारत नव्हते.

आता भोपाळमध्येच, अशोका गार्डन वस्तीत माझं टेबल आहे. शिलाईच्या दुकानामागची एक खोली. दर रविवारी ज्याला यायचं त्यानं यावं, आपली मोडकी गिटार आणावी, माझ्याजवळ बसून स्वतः दुरुस्त करावी. जेवढं मला येतं तेवढं सगळं सांगते. फ्रेटचं सगळ्यात आधी. कोणाला दसऱ्याची वाट बघायला लावत नाही. मी स्वतःवर खूश होते. वाटायचं, काकांचा हिशोब मिटवला.

दुकानात कपडे शिवणारी फरहाना आपल्या मुलीची गिटार घेऊन येते. चाळिशीची बाई, बोटं सुईनं टोचून टोचून कडक झालेली. त्या रविवारी ती फ्रेट घासायला बसली. मी कानस काढली, टेबलावर ठेवली, तिच्याकडे सरकवली.

फरहानानं ती उचलली नाही.

"दीदी, एक बात पूछूँ? आप हाथ में क्यों नहीं देतीं?"

मी म्हटलं, टेबलाचा नियम आहे. टोक लागतं.

"कैंची तो मैं दिन भर हाथ में देती-लेती हूँ," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "हमसे परहेज़ है क्या?"

माझ्या कानात पाणी पडायला लागलं. लोखंडावरून बादलीत. सरकवलेली कानस, कट्ट्यावरचा पेढा, तोंड उघडून पुढे केलेली पिशवी, सगळं एकदम समोर आलं. निनादला हातात मिळायची. मला कधीच नाही. शिस्त नव्हती ती. पहिल्या दिवसापासून नव्हती. आणि मी तो नियम जिवापाड जपून इथवर आणला होता. घोडी कशी बसवायची ते शिकवताना त्याच्यासोबत काकांचा विटाळही शिकवत होते. इतके रविवार. इतक्या लोकांना. ती सगळी आता आपापल्या घरी अवजार टेबलावर ठेवत असतील.



मी कानस उचलली. ओढणीकडे हात गेला. मधेच थांबवला. न पुसता, मूठ तिच्याकडे करून कानस फरहानाच्या हातात दिली. तिची कडक बोटं माझ्या बोटांना लागली.

"परहेज़ नहीं था," मी म्हटलं. "बीमारी थी. किसी और की. मैं लेके आ गई."

तिनं मान हलवली. पूर्ण विश्वास बसला असेल असं नाही. बसायलाच हवा असंही नाही.

जे शिकून गेलेत त्या प्रत्येकाला मी परत बोलावते आहे. तो नियम त्यांच्या हातातून काढून घ्यायचाय मला. येत्या खंडेनवमीला खोली उघडी राहील. एकही अवजार पाटावर बसणार नाही. दिवसभर काम चालेल, आणि कानस एका हातातून दुसऱ्या हातात जाईल. ज्याला माझ्या हातातून घेववत नाही, किंवा फरहानाच्या, त्यानं आपली गिटार तशीच बेसूर घेऊन घरी जावं. काका आले तरी हेच. मी कानस त्यांच्यापुढे धरीन. टेबलावर ठेवणार नाही.