एक प्रत साहेबांना

सुंदररावांचा राग आधी कानांत दिसायचा. कान लालबुंद व्हायचे. एकोणीसशे नव्व्याण्णव साली तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका साड्यांच्या कंपनीत ते नेटवर्क सांभाळायचे, आणि चाळिशी उलटल्यावर आपल्या हिमतीवर शिकलेल्या कामाचा त्यांना भारी तोरा होता.

मॅनेजर जानकीराम म्हणाले, नेटवर्क रडतखडत चालतंय, कारण शोधायचंय. सुंदररावांनी खुशीत राउटरवर मिररिंग लावून दिलं. म्हणजे येणारं-जाणारं सगळं आपल्या वाटेनं जायचं, आणि त्याची एकेक प्रत गुपचूप साहेबांच्या कॉम्प्युटरवर उतरायची. खरंच त्याचसाठी हवंय का, एवढंच तेवढं या शहाण्यानं विचारलं नाही!

आठवड्यानं साहेबांनी एक छापील कागद पुढे सरकवला. ऑर्डरी घेणाऱ्या सरोजानं बंगळूरच्या भावाला धाडलेला ईमेल. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली तंजावरी मराठी. साहेब तमिळ, त्यांना ओ की ठो कळेना. "तुमचीच भाषा आहे. कंपनीबद्दल काय लिहिते, सांगा," ते म्हणाले.

सुंदररावांनी वाचलं. दोनदा पोटातलं गेल्यावर सरोजाला पुन्हा दिवस राहिले होते. तिरुक्करुगावूरच्या गर्भ राखणाऱ्या देवीला नवस बोलून आली होती. अजून सासूलाही सांगितलं नव्हतं. ऑफिसात तर नाहीच. गेल्या वर्षी तिथल्याच वसंताला दिवस गेल्याचं कळताच जानकीरामांनी तिला घरी बसवलं होतं.

सुंदररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. हा निलाजरा माणूस बायकांची पत्रं वाचतो, आणि वाचायची सोय कोणी करून दिली? आपणच! कागदाचे तुकडे करून त्यांनी साहेबांच्या टेबलावर टाकले आणि तडक जाऊन मिररिंग काढलं. उद्यापासून येऊ नका, साहेब म्हणाले. उद्या कशाला, आत्ताच जातो, हे म्हणाले.

जाता जाता सरोजापाशी थांबून त्यांनी खरं ते सांगितलं, की तुझा ईमेल साहेबांच्या हाती गेला, ते मिररिंग मीच लावलं आणि तो ईमेल मीच वाचला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती उठली, साहेबांच्या दारात गेली आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये म्हणाली, "तिसरा महिना आहे मला. आणखी काही वाचायचं राहिलंय?"

चौदा माणसं बघत असताना जानकीरामांची तिला काढायची छाती झाली नाही. तिची नोकरी टिकली. सुंदररावांनी पुढे बाजारात तिला दोनदा हाक मारली, ती थांबली नाही. का थांबावं तिनं? सासूच्या आधी तिला ते चौदा परक्यांना सांगावं लागलं होतं.