कुंड्यांतलं तण

आमच्या शेजारच्या नीलांबरीवहिनींनी हिंगोलीतल्या घराचा वरचा मजला पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं काढलं. खोल्या शोभाव्यात म्हणून नांदेडहून कुंड्या मागवल्या. मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि काय काय! त्या जिना चढवून कंबर गेली माझी, कौतुक वहिनींचं.

पहिले पाहुणे साखरा गावचं शेतकरी जोडपं, लग्नाला आलेले सोनाजी आणि पंचफुलाबाई. सकाळी वहिनी चहा घेऊन वर गेल्या, तर सगळी झाडं दाराबाहेर ढिगात पडलेली.

"तण लई माजलं होतं, बाई," पंचफुलाबाई हात धूत म्हणाल्या. "बसल्या बसल्या निंदून टाकलं. मेथी पेरली हाय."

वहिनी इरेला पेटल्या. सगळ्या कुंड्यांत प्लास्टिकची झाडं रोवली. "आता उपटा म्हणावं!"

वर्षानं त्याच लग्नघरच्या बारशाला तेच जोडपं परत आलं, आठवडाभर राहिलं. एकही झाड कुणी उपटलं नाही. वहिनी खूश.

निघताना सोनाजींनी त्यांना बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली आणला.

"ताई, रोज पाणी घातलं, युरिया टाकून पाह्यला. बोटभर वाढ न्हाई. तुमाला बियाणं बोगस दिलं कुणीतरी. तक्रार करा, मी येतो साक्षीला."